टाकावरचा घोडा

खानदेशातल्या वरणगावचं नाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते आयुध निर्माणीमुळे, म्हणजे काडतुसांमुळे. पण इथल्या जुन्या घरांच्या देव्हाऱ्यात धातूचं निराळंच काम दिसतं: चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेले टाक. त्यांत बहुधा एक घोडेस्वार असतोच. स्वार खंडोबा, जोडीला म्हाळसा, घोड्याच्या पायाशी कुत्रा.

ही जनावरं शोभेसाठी नाहीत. मणी-मल्ल दैत्यांच्या कथेत मणी अखेरच्या क्षणी शरण येतो आणि आपला पांढरा घोडा देवाला देतो. म्हणजे देव बसलाय तो शत्रूच्या घोड्यावर. कुत्र्याचा मान चंपाषष्ठीला. चातुर्मासापासून वर्ज्य असलेलं वांगं त्या दिवशी ताटात येतं, तळी भरली जाते आणि भरीत-रोडग्याचा घास कुत्र्यालाही मिळतो. भरिताच्या मुलखात हा सण चुकणार कसा!

सोनार कोरीव ठशावर पत्रा ठेवतो, वर शिसं धरून हातोडीनं ठोकतो. मऊ शिसं पत्र्याला खोबणीत दाबतं आणि घोड्याचं पोट फुगून वर येतं.

मग पिढ्यान्‌पिढ्या रांगोळीनं, चिंचेनं घासणं. उठावाचा भाग आधी झिजतो. त्यामुळे जुन्या टाकावर देवाचे नाक-डोळे सपाट झालेले असतात आणि खालचा कुत्रा मात्र शेपटीसकट शाबूत!

आयव्हरी कोस्टच्या उत्तरेकडच्या सेनुफो लोकांत अशी धातूची जनावरं अंगावर असतात. सांदोगो या मंडळातल्या दैवज्ञ स्त्रिया अडचणीत सापडलेल्याला दागिना घडवून घ्यायला सांगतात. मेणाचा अजगर, त्यावर मातीचं लिंपण, मेण वितळलं की आत पितळेचा रस. अजगर हा अदृश्य शक्तींचा निरोप्या. म्हणून तो मनगटावर.

आपल्याकडेही धातूतला देव देव्हाऱ्यातच बसून राहिला नाही. दुसरेपणावर दिलेली बाई मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालायची. पोराच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून वाघनख असायचं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर खरं नख बाळगणं गुन्हा ठरला, आता त्याच आकाराचं धातूचं मिळतं.

टाक फारच झिजला की घरात म्हणतात, ‘देव उजळायला टाकले.’ काही घरं जुनी चांदी नव्यात आटवतात, काही जुना टाक नदीत सोडतात. नवा टाक जेजुरीला किंवा जवळच्या खंडोबाला भेटवून आणला की मगच देव्हाऱ्यात बसतो. स्वाराला पुन्हा नाक-डोळे आलेले असतात. ठसा दुसरा असला तर कुत्र्याचे कान मात्र बदलतात.