जुन्या इंजिनाच्या टाकीचा तळ

वापरलेला डिझेल पंप किंवा पॉवर टिलर घेतल्यावर इंजिन थोडा वेळ चालून धापा टाकत बंद पडत असेल, तर दोष पुष्कळदा इंजिनात नसून टाकीच्या तळाशी असतो. अर्धवट भरलेल्या टाकीतील हवेचे बाष्प रात्रीच्या गारव्यात पत्र्यावर जमते आणि ते पाणी डिझेलहून जड असल्यामुळे तळाला साचून पत्रा गंजवते. शिवाय पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून काळपट, बुळबुळीत साका तयार होतो आणि तोच फिल्टर तुंबवतो. अशा वेळी नुसता फिल्टर बदलणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. टाकी उतरवून तळचे इंधन काचेच्या बाटलीत घेऊन ठेवले, की पाण्याचा थर खाली वेगळा दिसतो. नंतर थोडे स्वच्छ डिझेल आणि तारेला बांधलेला साखळीचा तुकडा आत सोडून टाकी हलवली असता गंजाचे पापुद्रे सुटतात. पेट्रोलच्या टाकीत मात्र हा प्रयोग करू नये, कारण ठिणगीने तिच्यातील वाफ पेटते, आणि रिकामी दिसणारी टाकीही त्याला अपवाद नाही. टाकी परत बसवल्यावर नवा फिल्टर घालून त्यावरचा स्क्रू सैल करतात व बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत ते वाहू देतात. मेकॅनिक यालाच ‘एअर काढणे’ म्हणतात.