बास गिटारीसाठीं जुन्या व्हॉल्व्हची निवड

वाद्यमेळांत बास गिटारीचें काम इमारतीच्या पायासारखें असतें. पाया दिसत नाहीं, परंतु तो डळमळला कीं सर्व डोलारा हालतो. ह्या वाद्याची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ४१ कंपनें करते. अमेरिकेंत लिओ फेंडर ह्यांच्या कारखान्यानें १९५१ सालीं असें विजेचें वाद्य व १९५२ सालीं त्यासाठीं ‘बासमन’ नांवाचा ध्वनिवर्धक बाजारांत आणला. त्या काळचे ध्वनिवर्धक व्हॉल्व्हवर चालत, आणि आजहि पुष्कळ वादकांस तेच रुचतात. मात्र जुन्या व्हॉल्व्हना भारी किंमत पडते. म्हणून निवड डोळसपणें करणें अवश्य आहे.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली कांचेची नळी. तिच्या आंत तापलेल्या भागांतून निघालेले विद्युत्कण प्लेटकडे धांवतात. वाटेंत एक जाळी असते. पाटाचें दार उघडझांप केल्यानें पाणी जसें कमीजास्त होतें, तसा वाद्याकडून जाळीवर आलेल्या क्षीण संदेशानें हा प्रवाह कमीजास्त होतो, आणि संदेशाचें मोठें रूप हातीं येतें. पहिल्या व्हॉल्व्हनें केलेली खरखर मात्र पुढील सर्व व्हॉल्व्ह वाढवीतच नेतात. म्हणून सर्वांत शांत व्हॉल्व्ह पहिल्या जागीं बसवावा.

ह्या जागीं बहुधा १२एएक्स७ आढळतो. तो आरसीए कंपनीनें १९४७ सालीं काढला. युरोपांत त्यासच ईसीसी८३ म्हणतात. त्याचा वर्धनांक १०० आहे. जोरकस वादनानें आवाज फाटूं लागल्यास ७० वर्धनांकाचा ५७५१ किंवा सुमारें ४४ चा १२एवाय७ लावून पाहावा. तिन्हींच्या पायांची मांडणी एकच आहे. बासमनच्या १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरच्या प्रकारांत पहिला व्हॉल्व्ह १२एवाय७ हाच असे.

परीक्षेंत नांवापेक्षां गुण पाहावा. कांचेवरील छाप पुसून दुसरी उमटवितां येते. आंतील चंदेरी थर पांढरा झाला असेल, तर हवा शिरली असें समजून तो व्हॉल्व्ह टाकून द्यावा. चालू स्थितींत पेन्सिलीनें हलकेंच टिचकी मारल्यावर तो घणघणला, तर बासला निरुपयोगी. कारण खर्जाच्या कंपनांनीं सर्व पेटी थरथरते.

बीड जिल्ह्यांतील चकलांब्यासारख्या गांवीं राहणाऱ्या वादकाला व्हॉल्व्ह टपालानें मागवावा लागला, तर त्यानें मोजणीचे आंकडे व परत घेण्याची हमी आधीं मागावी. घरांतील जुन्या रेडिओवर फार भिस्त ठेवूं नये. साध्या रेडिओंत हा नऊ पायांचा जोडव्हॉल्व्ह क्वचितच असे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनें १९६१ सालीं हॉलंडच्या फिलिप्सच्या साहाय्यानें व्हॉल्व्ह बनविण्यास आरंभ केला. तेव्हां देशी छाप पाहून नाक मुरडूं नये.

एक सावधगिरी मात्र विसरूं नये. ध्वनिवर्धकांत शेंकडों व्होल्टचा दाब असतो, आणि वीज बंद केल्यावरहि तो कांहीं काळ आंत साठून राहतो. बाहेरून सहज पोंचणारा व्हॉल्व्ह, वीज तोडून व तो थंड झाल्यावर, कोणीहि बदलावा. पेटीच्या आंत हात घालण्याचें काम जाणकारावरच सोंपवावें.