छोटी इंजिने : रूप, चाल आणि मोल

बीड जिल्ह्यात रेल्वेच नव्हती, असे सरसकट म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते खरे नाही. परळी वैजनाथ आणि घाटनांदूर येथे कैक पिढ्या गाडीची शिट्टी ऐकत आल्या. पण जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, खुद्द बीड शहरात, प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. आष्टीपर्यंत ती त्याआधी तीन वर्षे, सप्टेंबर २०२२ मध्ये पोहोचली होती. २६१ किलोमीटरचा हा अहमदनगर–बीड–परळी मार्ग मंजूर झाला होता नव्वदीच्या दशकाच्या मध्याला. ज्या गावाने गाडीची एवढी वाट पाहिली, तेथील मुलांना आगगाडीचे वेड अंमळ जास्त असले तर नवल नाही. त्या वेडाचा एक घरगुती प्रकार म्हणजे टेबलावर धावणारी छोटी आगगाडी. तिचे इंजिन विकत घ्यावयाचे तर काय पाहून घ्यावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. प्रश्न वरवर पोरकट वाटेल. पण असे एखादे चांगले इंजिन विद्यार्थ्याचा एका महिन्याचा खानावळीचा खर्च सहज खाऊन टाकते, हे ध्यानात घेतले म्हणजे तो पोरकट राहत नाही.

येथे विचार फक्त तयार इंजिनांचा आहे. म्हणजे खोक्यातून काढले, रुळावर ठेवले, वीज दिली की चालू लागते ते. सुटे भाग आणून, कापून, डाखून इंजिन उभे करणाऱ्यांचा पंथ वेगळा. त्यांना या लेखाची गरज नाही.

अशी इंजिने पाहावयास युरोप गाठण्याचे कारण नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभे केलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. तेथे एका छोट्या शहराभोवती वाफेची, डिझेलची, विजेची इंजिने फिरतात, सिग्नल पडतात, रात्र होते, दिवे लागतात. आपल्या सहलीत शनिवारवाडा असतो, सिंहगड असतो. हे संग्रहालय मात्र बहुधा राहून जाते. इंजिन घेऊ पाहणाऱ्याने आधी तेथे तासभर उभे राहावे. चित्रात सगळी इंजिने सारखीच देखणी असतात, फरक कळतो तो चालताना.

भूगोलाच्या विद्यार्थ्यांना ‘प्रमाण’ ही गोष्ट नकाशामुळे परिचित आहे. छोट्या रेल्वेतही सारे काही प्रमाणावर चालते. युरोप-अमेरिकेत सर्वांत रूढ असलेले प्रमाण ‘एच-ओ’, म्हणजे १:८७. त्याचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो. इंग्लंडात त्याच रुळावर ‘डबल-ओ’ या १:७६ प्रमाणाची थोडी मोठी इंजिने चालवतात. जागा थोडी असेल त्यांच्यासाठी ‘एन’ : प्रमाण साधारण १:१६०, रूळ ९ मिलिमीटर. आता थोडे गणित करू. १६.५ मिलिमीटरला ८७ ने गुणले तर १४३५ मिलिमीटर येतात, आणि तीच युरोपातील खऱ्या रुळांची रुंदी आहे. हिशेब चोख जुळला. इंग्लंडचा मात्र जुळत नाही. ७६ ने गुणून साडेबाराशे मिलिमीटर येतात, म्हणजे तेथील देखणे इंजिन वस्तुतः अरुंद रुळावर उभे असते. समोरून पाहिले की पाय जवळ घेऊन उभ्या असलेल्या लठ्ठ माणसासारखे ते दिसते. इंग्रजांना हे ठाऊक आहे आणि त्यांनी त्याशी कधीच जुळवून घेतले आहे.

आपली गोष्ट त्याहून अवघड. भारतीय रुंदमापी रूळ १६७६ मिलिमीटरचा. १:८७ प्रमाणात तो १९ मिलिमीटरहून थोडा जास्त होतो. १:७६ मध्ये बरोबर २२. बाजारातल्या नेहमीच्या रुळांत दोन्ही बसत नाहीत. तेव्हा ‘अगदी खरे’ भारतीय इंजिन तयार मिळावे, ही अपेक्षाच मुळात सोडावी लागते. परदेशी कारखान्यांच्या याद्या चाळल्या तर आपली इंजिने त्यांत क्वचितच सापडतात. राहता राहिले ते आपल्या इंजिनांचे नातेवाईक शोधणे, आणि हा शोध मोठा गमतीचा आहे.

आपल्याकडे मालगाड्या ओढणारे ‘डब्ल्यूडीजी-४’ हे अमेरिकेच्या ईएमडी कंपनीच्या आराखड्याचे इंजिन. त्याच घराण्यातले, धाकट्या बारा सिलिंडरांचे इंजिन इंग्लंड आणि युरोपभर ‘क्लास ६६’ म्हणून धावते, आणि त्याची छोटी प्रतिकृती बाखमान, हॉर्न्बी, मार्कलिन अशा अनेकांनी काढली आहे. चेहरा निराळा, पण घरघर त्याच रक्ताची. दुसरे उदाहरण बोरघाटातले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मुंबई–पुणे घाटासाठी पुढे-मागे लांब नाके असलेली विजेची इंजिने आणली. आपल्या लोकांनी त्यांना ‘खेकडा’ म्हटले. त्यांची स्विस भावंडे ‘क्रोकोडाइल’, म्हणजे मगर, या नावाने जगभर प्रसिद्ध आहेत, आणि मार्कलिनने त्या मगरीचे छोटे रूप पिढ्यान्‌पिढ्या काढले. खेकडा हवा असणाऱ्याने मगर घ्यावी. एवढी जवळीक दुसरीकडे मिळणार नाही.

आणि तिसरे उदाहरण आपल्या अंगणातले. मिरज, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर अशी जी बार्शी लाइट रेल्वे होती, तिचा रूळ ७६२ मिलिमीटरचा. ऑस्ट्रियातील डोंगरी गाड्यांचा रूळ ७६० मिलिमीटरचा! त्या गाड्यांची १:८७ प्रमाणातील इंजिने रोको, लिलिपुट या कारखान्यांनी ९ मिलिमीटरच्या रुळासाठी काढली आहेत. बार्शीची गाडी आता रुंदमापी झाली; पण तिचा घाट टेबलावर उतरवू पाहणाऱ्याला रुळाच्या बाबतीत तरी रुंदमापीवाल्यांपेक्षा खरेपणा अधिक साधता येतो.

खरेपणाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण दुकानदार ती सांगत नाही. आपल्या रुंदमापी मार्गावर वळणाची त्रिज्या १७५ मीटरपेक्षा कमी ठेवत नाहीत. १:८७ ने ती दोन मीटर होते. म्हणजे खरे वळण घालावयाचे तर चार मीटर रुंदीची खोली हवी. प्रत्यक्षात घरगुती संचातील वळणांची त्रिज्या ३६ ते ४४ सेंटिमीटर असते. एवढ्या आवळ वळणावर इंजिन फिरवण्यासाठी कारखानदार बोगीला मोकळी जागा ठेवतो, चाकाची कड जाड करतो, दोन डब्यांत हातभर अंतर सोडतो. उलट, ज्या इंजिनाच्या पोटाखाली नळ्या, शिड्या, ब्रेकचे दांडे बारकाईने बसवलेले असतात, ते अशा वळणावर अडखळते किंवा त्याचे दांडे गळून पडतात. म्हणून जास्त तपशिलाचे इंजिन ते जास्त चांगले, हे समीकरण छोट्या खोलीत टिकत नाही. वाङ्मयाच्या वर्गात वास्तववादावर आपण जी चर्चा करतो, तिचेच हे यांत्रिक रूप म्हणावयास हरकत नाही : बारकावे किती, यापेक्षा वागणूक खरी वाटते की नाही हे पाहावे.

वागणूक म्हणजे चाल. प्रस्तुत लेखकाच्या मते इंजिनाची खरी परीक्षा येथेच होते, आणि ती वेगाची नव्हे, सावकाशीची. कोणतेही दहा-बारा व्होल्टवर चालणारे खेळणे भरधाव पळते. खरी गाडी कशी सुटते ते परळीच्या फलाटावर पाहा : आधी नुसती ताणली जाते, मग कळत-नकळत हलते. ताशी ६० किलोमीटर हा वेग १:८७ प्रमाणात सेकंदाला १९ सेंटिमीटर होतो. म्हणजे एक मीटर रूळ तोडावयास पाच सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागला पाहिजे. ताशी दहा किलोमीटरला त्याच मीटरला जवळजवळ अर्धे मिनिट! घड्याळ लावून हा प्रयोग करावा. जे इंजिन अर्ध्या मिनिटात एक मीटर न थबकता, न गचके देता जाते, ते घ्यावे; मग त्याच्या रंगात एखादी उणीव असली तरी चालेल.

ही चाल कशावर अवलंबून असते? मोटारीवर, वजनावर आणि वीज उचलण्यावर. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील हॉर्न्बी आणि इटलीच्या लिमाच्या इंजिनांत भाकरीसारखी चपटी मोटार एकाच बोगीत बसवलेली असे. तिचा आवाज शिवणयंत्रासारखा, आणि हळू चालणे तिला जमत नसे. वाफेच्या इंजिनांत तर कित्येकदा मोटार मागच्या टेंडरमध्ये ठेवीत. म्हणजे कोळशाची गाडीच इंजिनाला ढकलत नेई. जपानची काटो कंपनी आणि पुढे पुढे इतरही कारखाने मधोमध लांबट बंद मोटार, तिच्या दोन्ही टोकांना जड फ्लायव्हील, आणि तेथून दोन्ही बोगींना दांडा, अशी रचना करू लागले. फ्लायव्हीलमुळे रुळावर क्षणभर वीज तुटली तरी इंजिन आपल्याच भराने पुढे सरकते. काटोची गुळगुळीत चाल या छंदात नावाजलेली आहे, ती उगीच नव्हे.

वजनाचे गणित मोठे चमत्कारिक आहे. लांबी ८७ पटींनी कमी होते, पण घनफळ ८७ गुणिले ८७ गुणिले ८७, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटींनी. आपले जुने ‘डब्ल्यूडीएम-२’ सुमारे ११३ टनांचे. ते प्रमाणात उतरवले तर १७० ग्रॅम भरेल. एवढे हलके इंजिन रुळाला नीट टेकणारच नाही, ठिणग्या टाकीत थांबेल. म्हणून चांगला कारखानदार पोटात धातू भरून वजन त्याच्या दुपटीवर नेतो. खरेपणासाठी येथे खोटे बोलावे लागते. हातात घेऊन वजन पाहणे ही त्यामुळे साधी आणि बरीच विश्वासू चाचणी आहे.

मार्कलिनची तऱ्हा वेगळीच. १८५९ साली जर्मनीत ग्योपिंगेन येथे बाहुल्यांच्या पत्र्याच्या भांड्यांपासून सुरुवात केलेला हा कारखाना. त्याच्या एच-ओ रुळात मधोमध बारीक खिळ्यांची रांग असते, आणि इंजिनाखालची पट्टी त्यांवर घासत वीज घेते. खऱ्या रेल्वेत असे काही नसते, म्हणून शुद्धतावादी नाक मुरडतात. पण आपल्या धुळीचा विचार केला तर ही खोटी व्यवस्थाच खरी चालते. दोन रुळांच्या पद्धतीत एक रूळ धन, एक ऋण. चाकाला धूळ लागली की गाडी उभी. मार्कलिनची पट्टी घासत असल्याने पुष्कळशी धूळ स्वतःच बाजूला सारते. मे महिन्यात बीडच्या कोणत्याही घरात पुसलेला टेबल संध्याकाळपर्यंत पुन्हा मातकट होतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या गुणाची किंमत सांगावयास नको. दोष एवढाच की हे इंजिन दुसऱ्या कोणाच्या रुळावर चालत नाही. एकदा मार्कलिन घेतले की जन्मभर मार्कलिन.

आता मोल. येथे छापील किंमत हा निम्माच हिशेब असतो. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ साली ७० टक्के. जपानी संचाचा ट्रान्सफॉर्मर १०० व्होल्टचा, अमेरिकी १२० चा. आपल्या २३० व्होल्टवर तो लावला तर जळेल. इंग्लंड आणि जर्मनीचा मात्र आपल्याकडे तसाच चालतो. काटोचे इंजिन घेणाऱ्याने हा वेगळा खर्च आधीच धरावा. दुसरी गोष्ट दुरुस्तीची. बंद मोटार बिघडली तर ती फेकूनच द्यावी लागते. जुनी चपटी मोटार उघडता येते, कार्बन बदलता येतो, आणि बारीक हाताचा रिवाइंडिंगवाला तिची तारही पुन्हा गुंडाळू शकतो. म्हणजे आपण ज्या मोटारीला चालीत नापास केले, ती मोलात अनपेक्षितपणे पास होते. ज्याला खटपट आवडते आणि खिसा हलका आहे, त्याने जुने लिमा किंवा हॉर्न्बी घेतले तर त्यास कोणी वेडे म्हणू नये. एकच इंजिन घेऊन ते वर्षानुवर्षे फिरवावयाचे असेल, तर दोन्ही बोगींना गती देणारे, फ्लायव्हीलचे, मध्यम तपशिलाचे डिझेल घ्यावे. वाफेचे इंजिन डोळ्यांना कितीही गोड वाटले तरी त्याचे दांडे आणि कड्या पहिल्या वर्षी नवशिक्याच्या हातात टिकत नाहीत.

जुने घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. जस्ताच्या ओतीव भागांवर केसासारख्या भेगा असतील तर घेऊ नये. जस्तात शिसे मिसळले गेले की तो धातू आतून फुगतो आणि कालांतराने भुगा होतो, त्यावर उपाय नाही. चाकांवरची रबरी कडी कडक झाली असतील तर चिंता नाही, ती स्वस्तात बदलतात. आपल्या उन्हाळ्यात ती तशीही लवकर वाळतात. आणि इंजिन पत्र्याच्या माळवदाखाली ठेवलेले नव्हते ना, हे विचारावे, कारण प्लॅस्टिकचे अंग उष्णतेने वाकते.

भारनियमनाची अडचण दोन रुळांच्या पद्धतीत वाटते तेवढी मोठी नाही. ती इंजिने १२ व्होल्टच्या एकदिश विजेवर चालतात, आणि मोटारसायकलची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी नेमकी १२ व्होल्टचीच असते. मध्ये वेग कमी-जास्त करणारा रिओस्टॅट आणि एक-दोन अँपियरचा फ्यूज मात्र अवश्य घालावा. रुळावर चमचा पडला तरी बॅटरी सगळा जोर त्यातून ओतते, आणि फ्यूज नसेल तर इंजिनाआधी तारा पेटतात.