खांदा स्थिर, हात कामाचा

‘डॉक्टर, खांद्याचा सांधा कायमचा बंद करणार म्हणतात. मग हात राहून उपयोग काय?’ मोटारसायकलच्या अपघातात एका हाताची शक्ती गमावलेल्या तरुणाच्या आईने मला हा प्रश्न विचारला होता. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर इतर कुटुंबांनाही उपयोगी पडावे, म्हणून हा लेखप्रपंच.

वाचकहो, खांदा हा शरीरातील सर्वाधिक हालचाल करणारा सांधा. दंडाच्या हाडाचा गोल माथा एका उथळ खोबणीत फिरतो. त्याला जागेवर धरून ठेवतात ते मुख्यतः भोवतालचे स्नायू. मानेतून हाताकडे जाणारे मज्जातंतू अपघातात तुटले, की हे स्नायू लुळे पडतात. हाताच्या वजनाने सांधा खाली निसटू लागतो. मग बोटे चालत असली, तरी हात हवा तिथे नेता येत नाही.

अशा वेळी ‘शोल्डर आर्थ्रोडेसिस’ ही शस्त्रक्रिया सुचवली जाते. सांध्यातील कूर्चा काढून दंडाचे हाड आणि खांद्याचे पाते प्लेट व स्क्रूंनी घट्ट बांधतात; पुढे ती हाडे जुळून एकसंध होतात. क्षयरोगाने किंवा अन्य जंतुसंसर्गाने नष्ट झालेला सांधा, तसेच अयशस्वी ठरलेली सांधाबदल शस्त्रक्रिया, हीदेखील तिची कारणे आहेत. पूर्वी पोलिओ हे मोठे कारण होते. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला.

हात हलतो कसा?

हात उचलताना सुमारे एक तृतीयांश हालचाल बरगड्यांवरून सरकणाऱ्या पात्याची असते. ती शिल्लक राहते. मात्र पात्याचे स्नायू सशक्त हवेत. ते दुबळे असतील तर ही शस्त्रक्रिया उपयोगाची नाही. हात शरीरापासून थोडा दूर, थोडा पुढे आणि आत वळवून जोडतात, जेणेकरून कोपर वाकवल्यावर तो तोंडापर्यंत पोहोचावा.

काय गमवावे लागते?

डोक्यावरच्या फळीवरील डबा काढणे, पाठीमागे हात नेणे, वेणी घालणे ही कामे त्या हाताने बहुधा होत नाहीत. झिजलेल्या सांध्याची वेदना थांबते. मज्जातंतूंच्या इजेची जळजळ मात्र राहू शकते. हाडे जुळण्यास साधारण तीन ते चार महिने लागतात. सुरुवातीचे काही आठवडे हाताला आधारपट्टा बांधावा लागतो. धूम्रपानाने हाडे जुळण्यास विलंब होतो, म्हणून ते पूर्ण थांबवावे.

दोन गोष्टी विसरू नका

मधुमेहात अनेकांचा खांदा आखडतो. त्या ‘फ्रोझन शोल्डर’चा या शस्त्रक्रियेशी संबंध नाही, त्यावर व्यायाम व औषधोपचार हाच मुख्य मार्ग.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अपघातानंतर हात लुळा पडला, तर ‘येईल हळूहळू’ म्हणून मालिशीत वर्ष घालवू नका. मज्जातंतूंची दुरुस्ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत झाल्यास यशाची शक्यता अधिक असते. मज्जातंतूंच्या शल्यविशारदांना लवकर दाखवा. खांदा जखडणे हा बहुधा त्यानंतरचा पर्याय.

त्या माउलीला मी एवढेच म्हणालो, ‘ताई, सांधा बंद होईल, हात नव्हे. तो पुन्हा त्याच्या ताटापर्यंत आणि तोंडापर्यंत पोहोचावा, यासाठीच हे सारे करायचे आहे.’