मामांचा ट्रक आणि ७१ चा थर्मोस्टॅट

आय. सी. इंजिनच्या व्हायव्हाला ‘थर्मोस्टॅटचं काम काय?’ असं विचारलं की आपण सगळे एका सुरात सांगतो, ‘इंजिनचं तापमान योग्य राखणं.’ दोन मार्क मिळतात आणि विषय संपतो. मीही असाच पास झालो. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत याच विषयात मी मामांसमोर सपशेल नापास झालो. ती गोष्ट सांगतो.

माझे मामा कोल्हापूरचे. त्यांचा सहा सिलिंडरचा जुना डिझेल ट्रक आहे. रत्नागिरीकडून जांभा चिरा भरायचा, साखरपा मागे टाकून आंबा घाट चढायचा आणि कोल्हापुरात माल उतरवायचा, हा त्यांचा धंदा. घाटात गाडी तापायची. एका मिस्त्रीनं सोपा उपाय केला, थर्मोस्टॅटच काढून टाकला! ‘आपल्या हवेत ह्याची गरजच न्हाई,’ असं वर सांगितलं. झालं उलटंच. सपाटीला काटा ६० च्या वर सरकेना, डिझेल जास्त जाऊ लागलं आणि घाटात गाडी पहिल्यापेक्षा लवकर तापू लागली.

मामा म्हणाले, “भाच्या, तू इंजिनिअर होणार न्हवं? मग सांग काय करायचं.”

मी ऐटीत दुकानात गेलो. ७१, ७६, ८२, ८८ असे आकडे मारलेले थर्मोस्टॅट होते. गाडी तापते, म्हणजे सगळ्यात कमी आकड्याचा घ्यावा, हे माझं लॉजिक. ७१ चा घेतला, बसवला. पुढच्याच खेपेला घाटात काटा पुन्हा ९५ च्या पुढे! चिऱ्यानं भरलेली गाडी कडेला लावून आम्ही दोन तास उभे. क्लीनर गडबडीत रेडिएटरचं झाकण फिरवायला गेला, तेव्हा मामा असे ओरडले की माझ्याच अंगावर काटा आला. त्या झाकणानं आत दाब धरलेला असतो. एक बार जादा दाबाला पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण उघडलं की दाब जातो आणि उकळतं पाणी अंगावर येतं.

सुट्टी संपल्यावर हे सगळं लॅबमध्ये सरांना सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “काटा ९५ ला होता, तेव्हा तुझा थर्मोस्टॅट काय करत होता?”

माझी ट्यूब तेव्हा पेटली. तो पूर्ण उघडा होता!

आता नीट समजून घेऊ. थर्मोस्टॅटच्या पोटात मेणाची डबी असते. ही कल्पना सर्जियस व्हर्नेट यांची, १९३४ सालची. मेण वितळताना फुगतं, दांडा ढकलतं आणि स्प्रिंगविरुद्ध झडप उघडते. वर मारलेला आकडा हा झडप उघडायला सुरुवात होण्याचा. पूर्ण उघडायला आणखी १० ते १५ अंश लागतात. म्हणजे ७१ चा थर्मोस्टॅट ८५ च्या सुमारास आणि ८२ चा ९५ च्या सुमारास पूर्ण उघडतो. त्यापुढे दोघांत काहीच फरक नाही. त्यापुढचं तापमान ठरवतात रेडिएटर, पंखा, पंप आणि लोड. थोडक्यात, थर्मोस्टॅट तापमानाची खालची हद्द सांभाळतो. वरची हद्द त्याच्या हातात नाही.

मग तो काढल्यावर गाडी जास्त का तापली? ‘पाणी रेडिएटरमधून जोरात जातं, त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही,’ असं गॅरेजमध्ये सांगतात. हे चूक आहे. प्रवाह वाढला की उष्णता जास्तच काढली जाते, हीट ट्रान्सफरमध्ये आपण शिकलोय. खरं कारण बायपास. इंजिन गार असताना पाणी रेडिएटरला न जाता बायपासमधून परत पंपाकडे फिरतं. बऱ्याच ट्रकच्या थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. वरची झडप उघडते तशी ही चकती बायपास बंद करते. थर्मोस्टॅटच काढला, तर बायपास कायम उघडा. घाटात सगळं पाणी रेडिएटरला जायला हवं, तेव्हाच त्यातलं काही गरमच्या गरम परत इंजिनात! आणि सपाटीला रेडिएटरची वाट बंदच होत नाही, म्हणून इंजिन गार. दोन्हीकडून तोटा.

इंजिन गार राहिलं तर बिघडलं कुठे, असं वाटेल. डिझेल नीट जळत नाही, ते ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ होतं, लायनर आणि रिंगा झिजतात. पूर्वी डिझेलमधल्या गंधकाचं आम्ल होऊन लायनर खायचं. २०२० पासून बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमवर आल्यानं तो त्रास घटला, बाकीचे आहेतच. शिवाय नव्या बीएस-६ गाड्यांत कूलंट पुरेसं तापलं नाही तर संगणक फॉल्ट दाखवतो आणि धुराच्या फिल्टरची सफाई अडू शकते.

तर निवड कशी करायची? मी आता असं करतो :

१) इंजिनच्या पार्ट कॅटलॉगमध्ये दिलेलाच आकडा घ्यायचा. मामांच्या इंजिनला ८२ होता. हवा बघून आकडा बदलायचा नाही.

२) जुना आणि नवा शेजारी ठेवून बघायचं. कडेचा व्यास, उंची आणि खालची चकती जुळली पाहिजे. चकती नसलेला बसेल, पण बायपास बंद करणार नाही.

३) हवा जायची बारीक पिन असेल तर ती वरच्या बाजूला आणि मेणाची डबी इंजिनकडे ठेवायची. गॅस्केट नवीन.

४) एका हाउसिंगमध्ये दोन थर्मोस्टॅट असतील तर दोन्ही एकदम बदलायचे.

५) बसवण्याआधी तपासायचं. मामींचं जुनं पातेलं, पाणी आणि थर्मामीटर एवढं पुरतं. थर्मोस्टॅट दोऱ्यानं टांगायचा, तळाला टेकू द्यायचा नाही. पाणी ढवळत हळूहळू तापवायचं. कधी हलतो, कधी पूर्ण उघडतो आणि किती मिलिमीटर उघडतो ते लिहून मॅन्युअलशी ताडून बघायचं.

दिवाळीत गेलो तेव्हा ८२ चा तपासून बसवला. पण त्याआधी रेडिएटर काढला. त्याच्या जाळीत चिऱ्याची लाल माती गच्च बसलेली, आणि पंख्याचा पट्टा ढिला. खरं दुखणं हे होतं! जाळी आतून बाहेर पाणी मारून धुतली, पट्टा ताणला. आता सपाटीला काटा ८५ च्या आसपास असतो. आंबा घाटात भरल्या गाडीला ९० च्या थोडा वर जातो आणि तिथंच थांबतो.

मामा एवढंच म्हणाले, “मिस्त्रीनं वाल काढला, तू सगळ्यात गार वाल आणलास. दोघांनीबी रेडिएटर बघितला न्हाई.”

व्हायव्हाचे ते दोन मार्क मी मनातल्या मनात परत केले. आपल्या वर्कशॉपमागच्या जनरेटरचा काटाही कधी वर सरकला, तर पाना हातात घेण्याआधी एकदा त्याच्या रेडिएटरच्या जाळीकडे बघा.