गाठ सारखी, उपचार वेगळे का?



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी कर्ज मागितलं. त्यांच्या स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी केमो सांगितली होती. तेवढ्यात दुसरी म्हणाली, "माझ्या नणंदेची गाठ एवढीच होती. तिला नुसत्या गोळ्या दिल्यात. तुलाच केमो कशाला?" झालं! बैठकीत कुजबुज सुरू झाली. ताई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "मग मी केमो घेतच नाही."

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. नंतर डॉक्टरबाईंना विचारलं, थोडं वाचलं. तेच आज सांगते.

आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. प्रत्येक पेशीत जनुकं असतात, म्हणजे पेशीनं काय काम करायचं याच्या सूचना. आपल्या गटाचं रजिस्टर आठवा. त्यात वीस नावं असतात, पण बैठकीत सगळ्या सारख्या बोलत नाहीत. कुणी सारखं बोलतं, कुणी गप्प बसतं. जनुकांचंही तसंच असतं. कोणतं जनुक किती जोरात काम करतंय, यावर पेशी कशी वागणार ते ठरतं. म्हणून दोघींच्या गाठी लिंबाएवढ्याच असल्या, तरी एक सावकाश वाढते आणि दुसरी झपाट्यानं पसरते.

हे ओळखायला गाठीचा तुकडा तपासतात. त्यात तीन गोष्टी बघतातच: ईआर, पीआर आणि हर-टू. पहिल्या दोन पॉझिटिव्ह असतील, तर गाठ बाईच्या शरीरातल्या हार्मोनवर वाढते. तिला रोखायला हार्मोनचं काम थांबवणाऱ्या गोळ्या असतात. हर-टू पॉझिटिव्ह असेल, तर त्या जनुकाच्या प्रती फार वाढलेल्या असतात आणि गाठ जोरात वाढते. त्यावर केमोबरोबर वेगळं औषध मिळतं.

याच्या पुढची तपासणीही आहे. 2002 साली नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी गाठीतली 70 जनुकं एकदम तपासून दाखवलं, की कॅन्सर पुढे पसरण्याचा धोका कुणाला जास्त आहे याचा अंदाज येतो. अमेरिकेत 21 जनुकांची तपासणी निघाली. तिच्यात 0 ते 100 गुण मिळतात. गुण जास्त, तर धोका जास्त. 2018 मध्ये दहा हजारांहून जास्त बायकांच्या अभ्यासाचा निकाल आला. या बायकांची गाठ हार्मोनवर वाढणारी, हर-टू निगेटिव्ह आणि काखेत न पसरलेली होती. त्यातल्या मधले गुण मिळालेल्या बहुतेक बायका नुसत्या गोळ्यांवरही केमो घेतलेल्यांइतक्याच बऱ्या राहिल्या. पन्नाशीच्या आतल्या काही जणींना मात्र केमोचा थोडा फायदा दिसला.

ही तपासणी महाग आहे आणि ती सगळ्यांसाठी नाही. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर तिचा उपयोग नाही. आणि गुण म्हणजे काही कपाळावरचं लिहिलेलं नव्हे. अशा शंभर बायकांत किती जणींना कॅन्सर परत येऊ शकतो, एवढाच तो अंदाज.

मग आपण काय करायचं? गाठीच्या तपासणीचा कागद जपून ठेवायचा. डॉक्टरांना विचारायचं, "माझं ईआर, पीआर, हर-टू काय आलं? मला केमोचा फायदा किती? जनुकांची तपासणी माझ्या उपयोगाची आहे का?" गोळ्या पाच वर्षं किंवा जास्तही घ्याव्या लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. त्यात आपलं काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारायचं. आणि शेजारणीचं बघून आपला उपचार ठरवायचा नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही दोघींचे कागद शेजारी ठेवले. नणंदेचं हर-टू निगेटिव्ह होतं, ताईंचं पॉझिटिव्ह. कुजबुज थांबली. कर्ज त्याच दिवशी मंजूर झालं, आणि केमोला सोबत कोण जाणार याच्या पाळ्याही ठरल्या. दोन केमो झाल्यात. परवा ताई डोक्याला रुमाल बांधून बैठकीला आल्या होत्या, हप्ता घेऊन.

तुमच्या गटातही असा कागद कुणाकडे असेल, तर एकदा उघडून बघा.