उलट्या चोचीचे पाहुणे

रोहित पक्षी, म्हणजे आपला फ्लेमिंगो, डोकं उलटं करून जेवतो. लांब मान खाली सोडून तो चोच पाण्यात बुडवतो, तेव्हा चोचीची वरची बाजू तळाकडे जाते. म्हणून चोचीची घडणच उलटी: खालचा भाग पातेल्यासारखा खोल आणि वरचा त्यावर बसणारं पातळ झाकण. जाड, मांसल जीभ झपाझप मागेपुढे होते, पाणी आत ओढते, बाहेर ढकलते. चोचीच्या आतल्या बारीक पापुद्र्यांत अन्न अडकून राहतं. आपल्याकडे रोहिताच्या लहान आणि मोठा अशा दोन जाती येतात. लहान रोहिताची ही चाळण इतकी बारीक की डोळ्यांना न दिसणारं निळं-हिरवं शेवाळही तीत सापडतं. मोठा रोहित कोळंबीसारखे जीव, अळ्या, गोगलगायी गाळतो. एकाच चिखलात दोघे शेजारी उभे, पण एकमेकांच्या ताटात हात नाही! गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. पिल्लं जन्मतात ती करड्या रंगाची.

१९९०च्या दशकापासून हे पक्षी मुंबईलगतच्या ठाणे खाडीत मोठ्या संख्येने येऊ लागले. त्यामागे आपलं सांडपाणीही आहे. त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ पोसतं आणि गाळ साचून चिखलाची मैदानं पसरतात. पण म्हणून सांडपाण्याचे आभार मानायची घाई नको. त्याच पाण्यातून कारखान्यांची रसायनंही येतात आणि गाळून खाणाऱ्याला निवडून खायची सोय नसते.

खरी गंमत भरतीची. ओहोटीला चिखल उघडा पडला की पंगत बसते. पाणी चढलं की पाय टेकायला जागा उरत नाही, विशेषतः उंचीने कमी असलेल्या लहान रोहितांना. मग थवेच्या थवे उठतात आणि नेरुळ, भांडुपकडच्या उथळ पाणथळींत जाऊन थांबतात. पाणी उतरलं की परत खाडीत. त्यांचं घड्याळ समुद्राचं, त्यामुळे ही ये-जा रात्रीही चालते. २० मे २०२४च्या रात्री घाटकोपरवर एका विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले, ते अशाच काळोखात उडत होते.

त्याच वर्षी नेरुळच्या एका तलावात भरतीचं पाणी येणं थांबलं, तलाव सुकला आणि पक्षी भरकटले. तलावावर कुणी इमारत बांधली नव्हती. पाण्याची वाट अडली, एवढंच पुरलं.

खाडीचा सुमारे १६९० हेक्टरांचा पट्टा २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेला. चांगलंच झालं. पण दिवसातून दोनदा भरती येते आणि दोन्ही वेळा पक्ष्याला टेकायला उथळ पाणी लागतं. त्यामुळे हद्दीबाहेरचे हे तलावही अभयारण्याचाच भाग मानले पाहिजेत. ते बुजवले, तर राखलेल्या खाडीत उतरायला रोहित येतीलच याची खात्री कुणी देऊ नये.